समोरच्या गॅरेजात इंजिन आलंय म्हणे!

अहो, ऐकलंत का? या की जरा कुंपणापाशी. ती पाण्याची नळी ठेवा खाली, टोमॅटो कुठे पळून जात नाहीत. गेल्या आठवड्यात समोरच्या आजोबांकडे पिकअपमधून काय उतरलं, पाहिलंत ना? ताडपत्रीत गुंडाळलेलं, चौघांनी धरलेलं? मला वाटलं फ्रीज असेल. कसला फ्रीज! कॉर्वेअरचं इंजिन! हो, तीच ती शेव्हरलेची कॉर्वेअर, इंजिन मागे असलेली. त्या राल्फ नेडरनं १९६५ साली पुस्तक लिहून जिची चारचौघांत अब्रू काढली, ती. गाडी १९६९ ला बंद झाली, नेडर मोठा झाला, सगळं झालं... पण इंजिनं? ती अजून लोकांच्या शेतावरच्या गोदामांत धूळ खात पडलीयेत. आणि आजोबांसारखी माणसं ती हुडकून आणतात. कशाला, तर विमानात बसवायला!

आजोबांच्या बायकोचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. दारात हाताची घडी घालून उभी. मला म्हणाली, ‘‘आधी गॅरेजात पंख आले, तेव्हा माझी गाडी रस्त्यावर गेली. आता इंजिन आलंय, आता माझा नंबर.’’ मी आपलं हसल्यासारखं केलं. काय बोलणार? आमचे हे तर ताडपत्रीचा एक कोपरा धरून सगळ्यात पुढे! घरात सिलिंडर बदलायचा म्हटला की कंबर धरते, आणि तिथे...

जाऊ दे. तसं या गावाचं पाणीच तसलं, नाही का? ओशकोश इथून जवळ. जुलै सरता सरता दहा हजारांवर विमानं येऊन उतरतात, लोक विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून आठवडाभर राहतात. आमच्याकडेही दर वर्षी कुणी ना कुणी मराठी मंडळातलं मुक्कामाला असतंच, ‘काकू, एअर शोसाठी येतोय’ म्हणून. पोबेरेझ्नी म्हणून एकांनी १९५३ मध्ये मिलवॉकीला हा शो भरवणारी, घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना काढली, तेव्हापासून इथल्या बायकांच्या गाड्या गॅरेजबाहेर आहेत.

तर काय सांगत होते... इंजिन. आजोबा का पेटलेत, ते कळलं मला. त्यांनी त्या पीटनपॉलचं विमान बांधायला घेतलंय ना! एअर कँपर. आणि पीटनपॉल म्हणजे या मंडळींचं दैवतच. शेजारच्याच मिनेसोटातला. चेरी ग्रोव्ह म्हणून एवढंसं खेडं, तिथला हा मेकॅनिक. कॉलेजबिलेज काही नाही, पुढे टीव्ही दुरुस्त करायचा. त्याच्या डोक्यात आलं की विमानाचं इंजिन परवडत नाही, मग फोर्डच्या मॉडेल ए गाडीचंच लावू. आणि १९२९ मध्ये उडवलं की हो!

आता खरी गंमत. तेव्हा ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ मासिकाचे संपादक होते वेस्टी फार्मर. त्यांचं म्हणणं, गाडीच्या इंजिनावर धड विमान चालायचं नाही. पीटनपॉलनं ते वाचलं. दुसरा कुणी असता तर चार पानी पत्र लिहून वाद घातला असता. यानं काय करावं? १९३० च्या वसंतात फोर्डच्या इंजिनांची एक सोडून दोन विमानं उडवत थेट संपादकांच्या दाराशी, मिनियापोलिसच्या बाजूला नेऊन उतरवली. घ्या, म्हणाला असेल, बघा! त्या संपादकांचं तोंड कसं झालं असेल, हे मी भांडी घासताना कितीदा डोळ्यांसमोर आणलंय. पण माणूस दिलदार हं. त्याच मासिकवाल्यांनी पुढे पीटनपॉलचे नकाशे छापले आणि शेतकऱ्यांच्या पोरांनी गोठ्याशेजारी विमानं बांधली. पाण्यावर थंड होणारं इंजिन, म्हणून रेडिएटर पायलटच्या नाकासमोर उभाच्या उभा! पुढचं दिसायचं कसं, विचारू नका. दिसतं म्हणतात, बाजूनं वाकून.

त्याच पीटनपॉलनं म्हातारपणाकडे झुकताना फोर्ड सोडून कॉर्वेअर धरली. साठच्या दशकात. हवेवर थंड होणारी, सहा सिलिंडरची, आडवी, बेताच्या वजनाची. रेडिएटरची कटकटच नाही. म्हणून आजोबांचं घोडं तिथेच अडलं, ‘पीटनपॉलनं लावलं तेच लावणार.’

मग परवाचं बार्बेक्यू. तुम्ही नव्हतात, फार चुकवलंत. कोपऱ्यावरचे ते पिवळ्या सेस्नावाले आहेत ना, लायकॉमिंगशिवाय दुसऱ्या इंजिनाचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळाला आठी पडते, ते. कणसं भाजता भाजता सगळ्यांसमोर आजोबांना म्हणतात कसे, ‘‘गाडीचं इंजिन गाडीतच शोभतं. त्याला रस्त्याच्या कडेला थांबता येतं.’’ अगं बाई! सगळे गप्प. आजोबांनी शांतपणे कणसाला लोणी लावलं आणि विचारलं, ‘‘तुमच्या इंजिनाचा ओव्हरहॉल झाला ना यंदा? किती झाले?’’

बास. पिवळ्या सेस्नावाल्यांचं तोंड एवढंसं झालं. त्यांची बायको म्हणाली, ‘‘हो, किती झाले? मलापण सांगितलं नाहीये.’’ आता ओव्हरहॉल तीस हजार डॉलरच्या घरात जातो, हे काय आपल्याला ठाऊक नाही? डिझाइन म्हणाल तर पन्नासच्या दशकातलं. पण मी पिवळ्यावाल्यांची बाजूही घेईन हं थोडी. त्यांचं इंजिन जुनाट असेल, पण त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग, दोन वेगवेगळे मॅग्नेटो. बॅटरी मेली तरी ठिणगी पडतच राहते. गाडीच्या नव्या इंजिनाचं तसं नाही. बॅटरी गेली, कॉम्प्युटर गेला, की संपलं. रस्त्यावर ट्रिपल-एला फोन करता येतो... वर कुणाला करणार?

आणि दुसरं म्हणजे मेहनत. गाडी हायवेला मजेत चाललेली असते तेव्हा इंजिन ताकदीच्या पाव हिश्श्यावर चाललेलं असतं. विमानात तेच इंजिन पाऊण ताकदीवर, तासन् तास. रोज घरच्या दहा पोळ्या लाटणं वेगळं आणि लग्नाच्या पंगतीला पहाटेपासून लाटत बसणं वेगळं, हे तुम्हाआम्हाला कळतं. इंजिनाला ते कोण सांगणार?

पण खरी भानगड इंजिनाची नाहीच आहे! हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं. आणि ह्यांना आजोबांनी. भानगड पंख्याची आहे. प्रॉपेलरची हो. पिवळ्यावाल्यांचं इंजिन मिनिटाला २,७०० फेऱ्यांना सगळी ताकद देतं आणि पंख्यालाही साधारण तेवढंच रुचतं. आताच्या गाडीच्या इंजिनाची ताकद मिळते पाच-साडेपाच हजार फेऱ्यांना. सहा फुटी पंखा त्या वेगानं फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्याही पुढे पळतात. नुसता किंचाळतो, ओढत काहीच नाही. म्हणून मग मध्ये गिअर नाहीतर पट्टा घालून वेग उतरवायचा. आणि तिथेच सगळी दुखणी सुरू!

गल्लीच्या टोकाला तो हुशार इंजिनिअर मुलगा राहतो ना, बायको डेंटिस्ट? त्याचं ऐकलं नसेल तुम्ही. त्यानं जपानी गाडीचं इंजिन घेतलं होतं, अगदी झकास, चकाचक, लाख मैल पळेल असं. वर एका दुकानातून गिअरबॉक्स मागवला. इंजिनाचा प्रत्येक स्फोट म्हणजे एक धक्का असतो, आणि पुढे तो जड पंखा, त्याला आपला वेग सोडायचा नसतो. मध्ये गिअरचे दात. एका विशिष्ट वेगाला हे धक्के आणि पंख्याचं पीळ खाणं यांची अशी काही जुळवाजुळव होते की दात एकमेकांवर आपटायला लागतात. बाहेरून कळतसुद्धा नाही! तासभर चालवून त्यानं गिअरबॉक्स उघडला, तर तेलात चांदीसारखी चमक. धातूचा चुरा हो. त्यानं ते बोटावर घेऊन ह्यांना दाखवलं. हे घरी आले ते जेवलेच नाहीत नीट. नंतर रबराचं कपलिंग, मग दुसरा गिअरबॉक्स, मग... एके दिवशी विमान ट्रेलरवरून गेलं. विकलं. कुणी विषय काढत नाही. तुम्हीही काढू नका. डेंटिस्टीण बाईंनी त्या पैशांतून स्वयंपाकघर करून घेतलं, ते मात्र छान झालंय.

आणि हे एकट्या त्याचंच झालं म्हणावं, तर मोठमोठ्यांचं काय झालं? पोर्शेचं माहितीये ना! ९११ चं इंजिन घेतलं, विमानासाठी नटवलं, सजवलं, रीतसर परवानग्या घेतल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मूनी कंपनीच्या विमानात बसवलं. एकच लीव्हर, बाकी सगळं आपोआप. काय कौतुक झालं त्याचं! चाळीसेक विमानं निघाली असतील-नसतील, आणि पोर्शेनं अंग काढून घेतलं. ज्यांनी हौसेनं घेतली होती त्यांनी मग ती महागडी इंजिनं उतरवून... काय लावलं असेल, सांगा? पिवळ्यावाल्यांच्या बिरादरीतलंच! साधं, जुनाट, नेहमीचं इंजिन! हे त्यांनी बार्बेक्यूत सांगितलं असतं तर जिंकलेच असते. पण ओव्हरहॉलच्या प्रश्नानंतर त्यांना तोंड उघडायची सोय उरली नव्हती.

जर्मनीतलंच दुसरं, थीलर्ट कंपनीचं. त्यांनी मर्सिडीजच्या ए-क्लासचं डिझेल इंजिन घेतलं. छोटी गाडी ती, पण इंजिन गुणी. डायमंड कंपनीच्या विमानांत बसलं, फ्लाइंग स्कूलवाले खूश, इंधन कमी पितं म्हणून. गिअरबॉक्सचं मात्र दर तीनशे तासांनी बघावं लागायचं. आणि मग २००८ च्या एप्रिलमध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. वॉरंट्या हवेत! ज्यांची विमानं सुट्या भागांसाठी जमिनीवर बसली, त्यांचे चेहरे... तरी बघा, डायमंडवाल्यांनी स्वतःच इंजिनाची कंपनी काढली होती आणि तिनंही मर्सिडीजच्याच डिझेलवर काम केलं. म्हणजे इंजिनात खोट नव्हती. भोवतालची माणसं आणि मधले गिअर, तिथे गाडं अडलं.

आता माझं मत विचाराल तर... विचारत नाही म्हणा तुम्ही, पण सांगते. पीटनपॉल पोर्शेपेक्षा हुशार होता असं नाही. त्यानं इंजिनाकडून जास्त मागितलंच नाही! चाळीस घोड्यांचं इंजिन, सावकाश फिरायचं, पंखा थेट क्रँकशाफ्टला, मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. विमान हळू तर हळू. कुठे पोचायची घाई होती त्याला? बीटलचं तसंच. फोक्सवॅगनची बीटल हो. तिचं ते हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन युरोपात, इथे, किती छोट्या विमानांत बसलं, गणती नाही. पंखा तिथेही थेटच, पाचेक फुटांचा, ३,२०० च्या आसपास फेऱ्या, भागतंय. आणि एक गंमत... इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचे यजमान, प्रिन्स फिलिप, साठच्या आसपास एकट्यानं टर्ब्युलंट नावाच्या एका आसनी विमानात उडाले, ठाऊक आहे? त्यातलं इंजिन बीटलवरूनच केलेलं! राणीला आधी सांगितलं होतं की नाही, ते मला विचारू नका. आपल्याला तरी कुठे सगळं सांगतात?

पण आजोबांना वाटतं तितकं कॉर्वेअरचंही सरळ नाही हं. तिच्या क्रँकशाफ्टला पुढच्या बाजूला पंख्याचा भार सोसायची सवय कुठली? गाडीत पंखा होता थोडाच! वेगवान विमानांत लावलेल्या काहींचे क्रँक मोडले, भर हवेत. मग लोकांनी पुढे एक जादा बेअरिंग बसवायला सुरुवात केली. आजोबांनी ते बेअरिंग मागवलंय, हे बायकोनंच मला सांगितलं, किमतीसकट. ‘इंजिन स्वस्तात मिळालं’ म्हणाले होते ना? स्वस्त इंजिनावर बेअरिंग, त्यावर नवं इग्निशन, त्यावर कार्ब्युरेटर, पंखा, एक्झॉस्ट... तिनं सगळ्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात. मला डबा हलवून दाखवला. आवाज येत नाही, इतका गच्च.

काम मात्र आजोबा मनापासून करतात, नाव ठेवायला जागा नाही. मी काल गुळाच्या पोळ्या द्यायच्या निमित्तानं गेले होते. निमित्तच ते! टेबलावर सिलिंडर हेड उघडून ठेवलेलं. त्यावर त्या पातळ पातळ पापुद्र्यांसारख्या पट्ट्या असतात, हवा खेळायला. ओतकामाच्या वेळी त्यांच्यामध्ये धातूचा कचरा राहून जातो, फटी अर्ध्या बंद. गाडीत चालून गेलं, तिथे मोठा ब्लोअर होता. आजोबा भिंग लावून बारीक कानशीनं एकेक फट मोकळी करत होते. एक फट झाली की पलीकडून टॉर्च धरायचा, उजेड दिसला की खूण करायची. टॉर्च कुणी धरला होता? आमच्या ह्यांनी! डोळ्यावर चष्मा, गुडघ्यावर बसून. यांचा गुडघा दुखतो ना, म्हणून तर मंडळाच्या महाआरतीला खुर्चीत बसले होते!

वर म्हणतात काय, ‘‘अगं, राईट बंधूंनी एवढ्या मोटार कंपन्यांना पत्रं लिहिली, कुणी हवं तसं इंजिन दिलं नाही. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरनं बनवलं, सहा आठवड्यांत, बारा घोड्यांचं.’’ मी म्हटलं, सहा आठवड्यांत त्यानं इंजिन केलं, तुम्ही बेसिनचा नळ कधी करणार? तर गप्प. पण परवापासून घरात जो दिसेल तो बोल्ट तारेनं पिळून बांधायला लागलेत. सेफ्टी वायर म्हणे. विमानात प्रत्येक बोल्टला घालतात, सैल होऊ नये म्हणून. माझ्या कुकरच्या दांडीच्या स्क्रूलाही घातलीय. सैल होत नाही, हे मात्र खरं!

आणि मला मध्येच आपले यादव आठवले. चारकोपचे, कॅप्टन अमोल यादव. घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’त बीकेसीला नेऊन ठेवलं, मग २०१७ मध्ये सरकारी नोंदणी झाली. त्यांनी गच्चीवरून खाली उतरवायचा व्याप केला, आजोबांना तर गॅरेजचं शटर वर करायचंय फक्त. मी हे आजोबांना सांगितलं. ‘‘गच्चीवर?’’ म्हणाले. ‘‘सोसायटीनं परवानगी दिली?’’ अमेरिकन माणूस, पण अगदी नेमका प्रश्न विचारला हो!

तर काय सांगत होते... हं, परवानगी. इथे त्याची काही भानगड नाही. निम्म्याहून जास्त काम स्वतः, हौसेपोटी केलेलं असलं की झालं. तपासनीस येऊन बघून जातो. पण दारापाशी ‘एक्सपेरिमेंटल’ असं मोठ्या अक्षरांत लिहावंच लागतं, आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी, की हे हौशी माणसानं बांधलंय, नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम याला लागू झालेले नाहीत. आजोबांच्या बायकोनं ती पाटी वाचली. दोनदा वाचली. म्हणाली, ‘‘हे लग्नाच्या सर्टिफिकेटवर का नव्हतं?’’

आणि आता सगळ्यात आतली बातमी. कुणाला बोलू नका, माझं नाव तर अजिबात घेऊ नका. रीतसर विमानाचं इंजिन आणि त्याचाच मान्य पंखा असेल तर सुरुवातीच्या चाचणीची उड्डाणं पंचवीस तासांची. गाडीचं इंजिन असेल तर चाळीस. आणि त्या काळात हौसेचा प्रवासी न्यायचाच नाही, कायदाच तसा. आजोबांना याचं फार वाईट वाटलं. बार्बेक्यूत पिवळ्यावाल्यांनी त्यावरूनही टोमणा मारायचा प्रयत्न केला होता. बायको मात्र? तिचा चेहरा असा खुलला! काल मला बाजूला घेऊन विचारते, ‘‘तुझ्या नवऱ्याला विचार ना, ते चाळीसचे ऐंशी करून मागता येतात का?’’

मी विचारलं ह्यांना. हे म्हणाले, ‘‘कशाला? एकेचाळिसाव्या तासाला मागच्या सीटवर मी बसणार आहे, ठरलंय आमचं.’’

ठरलंय! कधी ठरलं? मला कोण बोललं? थांबा, तुम्ही कुठे चाललात... तुमच्या ह्यांनाही परवा त्या गॅरेजात जाताना पाहिलंय मी!